नाकापेक्षा मोती जड

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील गावांतून हिंडणाऱ्या माणसाला एखाद्या गोठ्याशेजारी, छपराखाली उभी असलेली जुनी जीप हमखास दिसते. तिचा रंग उडालेला असतो, आसनांचे कापड विरलेले असते. पण पावसाळ्यात पक्का रस्ता संपून चिखलाची वाट सुरू झाली, की साऱ्या गावाला तिचीच आठवण होते. भाताची रोपे शेतावर न्यायची असोत, की वाडीवरच्या आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचे असो, नव्या चकचकीत गाड्या जेथे माघार घेतात तेथे ही म्हातारी चारही चाकांनी माती कवटाळीत पुढे जाते. अशा गाडीच्या मालकापुढे एके दिवशी एक प्रश्न येऊन उभा राहतो. इंजिन थकले आहे. ते दुरुस्त करावे, की काढून दुसरे बसवावे? आणि दुसरे बसवायचे, तर कोणते?

प्रश्न लोखंडाचा दिसतो. पण त्यात माणसाच्या विवेकाची कसोटी लागते. ‘इंजिन जितके मोठे, तितकी गाडी चांगली,’ हे उत्तर पुष्कळांच्या जिभेवर तयारच असते. मात्र या गाडीचा जन्म कसा झाला, हे ज्याने समजून घेतले आहे, तो इतक्या घाईने उत्तर देणार नाही.

१९४० साली अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी, चपळ आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. विलीज कंपनीचे मुख्य अभियंते डेल्मार रूस यांच्याजवळ चार सिलिंडरांचे एक इंजिन होते. मुळात त्याचे बळ ४८ अश्वशक्तीचे. रूस यांनी त्यात सुधारणा करून ते ६० पर्यंत नेले होते. अडचण होती ती वजनाची. सैन्याने गाडीच्या वजनाला २१६० पौंडांची मर्यादा घातली होती, आणि विलीजचा पहिला नमुना तीपेक्षा बराच जड भरला. हलके इंजिन घालणे हा एक सोपा मार्ग होता. रूस यांनी तो पत्करला नाही. त्यांनी गाडी सुटी करून तिचा भाग न् भाग तोलला आणि जेथे जेथे धातू जास्तीचा होता तेथे तेथे तो कमी केला. बोल्टांची लांबी आणि रंगाचा थरही त्यांच्या नजरेतून सुटला नाही. असे करीत गाडी मर्यादेत बसली, आणि इंजिनही वाचले. पुढे दुसऱ्या महायुद्धात याच इंजिनाने जीपला जगभर कीर्ती मिळवून दिली.

त्या इंजिनाचा स्वभावही ध्यानात घेण्याजोगा आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर, तर दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव सुमारे १११ मिलिमीटर. रुंदी कमी आणि धाव लांब अशी ही रचना. तिच्यामुळे इंजिन फार वेगाने फिरत नाही. पण सावकाश फिरत असतानाही त्याची ओढ चांगली असते. शर्यतीचा घोडा आणि नांगराचा बैल यांच्यात जो फरक, तोच येथे आहे. खडकाळ चढणीवर गाडीला वेग नको असतो. चाक इंच इंच पुढे सरकवणारा शांत, अखंड जोर हवा असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या जीपा मुंबईत सुट्या भागांतून जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ साली विलीजने नागरी जीपची जी नवी जात काढली, तिच्यात सुधारलेले इंजिन होते. सिलिंडर तेवढेच, धाव तेवढीच. मात्र हवा आत घेणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, बाजूला न ठेवता डोक्यावर नेल्या होत्या. त्यामुळे बळ ७० अश्वशक्तीच्या पुढे गेले, आणि इंजिनाची उंचीही वाढली. ते जुन्या झाकणाखाली मावेना. म्हणून कंपनीला जीपचे बॉनेटच उंच करावे लागले. भारतीय रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षे दिसलेल्या उंच कपाळाच्या जीपचे रहस्य हे असे आहे. एक इंजिन बदलले, आणि गाडीचा चेहरा बदलला! इंजिनाचा निर्णय गाडीच्या उरलेल्या अंगांना कोठवर जाऊन भिडतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

म्हणून जाणता मिस्त्री इंजिन बदलण्याची गोष्ट सर्वांत शेवटी काढतो. ‘गाडी चढ चढत नाही,’ अशी तक्रार घेऊन मालक आला, की तो आधी क्लच पाहतो. क्लच घसरत असेल, तर इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. मग तो चाके उचलून हाताने फिरवतो. ब्रेक अडकून राहिला असेल, तर उत्तम इंजिनही दमून जाईल. त्यानंतर हवेची गाळणी, इंधनाची गाळणी आणि ठिणगी पडण्याची वेळ यांची पाळी येते. एवढे न पाहता इंजिनावर घाव घालणे म्हणजे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार होय.

धूरही पुष्कळ सांगतो. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल आणि रेडिएटरमधले पाणी घटत असेल, तर पाणी सिलिंडरात झिरपत असल्याची शंका घ्यावी. इतके झाल्यावर मिस्त्री पेट्रोल इंजिनाचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरातील दाब मोजतो. दाब कमी भरला, तर त्याच सिलिंडरात चमचाभर तेल सोडून तो पुन्हा मोजतो. आता दाब वाढला, तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा. कारण तेलाने ती फट काही क्षण बुजवली. दाब वाढला नाही, तर दोष बहुधा झडपांचा किंवा वरच्या गॅस्केटचा. चमचाभर तेलाने मोठ्या खर्चाचा निवाडा होतो! झडपा घासून बसवण्याने जे काम भागते, त्यासाठी सबंध इंजिन भंगारात घालणारा माणूस पैशाबरोबर एक चांगली वस्तूही गमावतो.

इंजिन असे थकते तरी का? पुष्कळदा वयाने नव्हे, तर हेळसांडीने. त्याला तीन गोष्टी स्वच्छ लागतात: तेल, पाणी आणि हवा. जुन्या जीपच्या हवेच्या गाळणीत तेलाची वाटी असते. आत जाणारी हवा त्या तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. देशावरच्या उन्हाळ्यात ही वाटी पाहता पाहता गाळाने भरते. ती वेळेवर धुतली नाही, तर बारीक धूळ सिलिंडरात शिरून कानशीसारखी भिंती घासू लागते. पाण्याचेही तसेच. विहिरीचे जड पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले, तर त्यातील क्षारांचा थर आतल्या नळ्यांत बसतो, आणि गाडी घाटात उकळू लागते. यावर उपाय म्हणून पुष्कळ जण पाण्याचे तापमान राखणारा थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन नेहमी थंड राहते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. मूळ रोग नळ्यांत, आणि शिक्षा मात्र पहारेकऱ्याला!

अलीकडे यात एका नव्या काळजीची भर पडली आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पडदे अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात किंवा तडकतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. म्हणून जुन्या पेट्रोल जीपच्या नळ्या नव्या इंधनाला टिकणाऱ्या घालाव्या आणि टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल साठवून ठेवू नये.

इतके करूनही इंजिन खरोखरच संपले असेल, पुन्हा बोअर करण्याइतकी भिंत सिलिंडरला उरली नसेल, किंवा पेट्रोलचा खर्च पेलवत नसेल, तर दुसऱ्या इंजिनाचा विचार करणे रास्त आहे. भारतात जीपने डिझेलचा रस्ता धरला, तो याच खर्चामुळे. प्रथम ट्रॅक्टरच्या कुळातील इंजिने तिच्यात आली. पुढे १९७९ साली महिंद्र कंपनीने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना घेतला, आणि त्या इंजिनाने खेड्यापाड्यांतील असंख्य जीपांना नवे आयुष्य दिले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही; हवा वीस पटींच्या आसपास दाबली गेली, की त्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्यामुळे ओढ्याच्या पाण्याने प्लग भिजून गाडी बंद पडण्याची भीती नाही. मात्र पाणी हवेच्या वाटेने आत शिरले, तर परिणाम भयंकर होतो. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. मग पिस्टनला जोडलेला दांडाच वाकतो.

ट्रॅक्टरचे इंजिन निवडणाऱ्याने थोडे गणितही करावे. जुन्या नागरी जीपच्या मागील दांड्यातील दात्यांचे प्रमाण असे असते, की चाकाच्या एका फेरीसाठी शाफ्टला ५.३८ फेरे घ्यावे लागतात. वरच्या गिअरमध्ये शाफ्ट इंजिनाच्याच गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर चाकाचे सुमारे ३७२ फेरे होतील. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला, तर गाडी ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जाईल. मूळ पेट्रोल इंजिन ४००० फेऱ्यांपर्यंत जाई. म्हणून तेच दाते त्याला शोभत. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला ते शोभणार नाहीत. शेतावरच्या कामाला ५० ची गती पुरेल. रोज शहरात जायचे असेल, तर दाते बदलावे लागतील. काम आधी ठरवावे, इंजिन मागाहून.

उलट, शक्तीच्या हव्यासाने दुप्पट बळाचे इंजिन घातले, तर काय होते? मूळ गिअरबॉक्स आणि चाकांपर्यंत जाणारे दांडे ६०–७० अश्वशक्तीच्या हिशेबाने घडवलेले. ते एखाद्या चढणीवर पिळवटून तुटतात. जड इंजिनाच्या भाराने पुढचे पाटे दबतात आणि स्टिअरिंग जड होते. वाढलेली उष्णता जुन्या रेडिएटरला झेपत नाही. सहा व्होल्टांची जुनी बॅटरी डिझेल इंजिन फिरवू शकत नाही. काही जुन्या जीपांचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या शोषावर चालत. डिझेल इंजिनात तसा शोष नसतो, म्हणून इंजिन बदलले की ऐन पावसात काचेवरचा वायपर मुका होतो. या सर्वांहून गंभीर गोष्ट ब्रेकची. चढण चढवणारे बळ विकत मिळते; पण उतारावर जुने ब्रेक जुन्याच वजनाला आणि जुन्याच वेगाला थोपवू शकतात. घाटाच्या वळणावर आठ माणसे बसलेली गाडी थांबली नाही, तर तिच्या अश्वशक्तीचे कौतुक कोणी करावे? नाकापेक्षा मोती जड झाला, की दागिन्याने शोभा येत नाही. नाक मात्र फाटते.

शिवाय इंजिन बदलणे ही केवळ मालक आणि मिस्त्री यांच्यातली गोष्ट नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची अनुमती घ्यावी लागते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वारसा म्हणून वेगळी नोंद मिळण्याची सोय केली आहे. पण तिच्यासाठी गाडी आणि तिचे इंजिन मूळ रूपात राखलेले असावे लागते, आणि अशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे मालकाला येथेही निवड करावीच लागते. गाडी जपायची ती स्मृती म्हणून, की राबणारी सोबतीण म्हणून? दोन्ही उत्तरे मानाची आहेत. पण एकदा मूळ इंजिन विकून टाकले, की पहिल्या उत्तराचा दरवाजा बहुधा बंद होतो. म्हणून शहाणा मालक दुसरे इंजिन बसवले, तरी जुने तेल लावून, गोणपाटात गुंडाळून कोठारात ठेवतो.

ज्यांच्या जीपा तीन-तीन पिढ्या चालल्या, त्यांच्या घरी बहुधा एक तेलकट वही आढळते. तेल कधी बदलले, गाळणी कधी धुतली, झडपांची फट कधी तपासली, याच्या तारखा तीत ओळीने लिहिलेल्या असतात. आजोबांचे अक्षर, मग वडिलांचे, मग नातवाचे. आषाढातल्या रात्री वाडीवरून बोलावणे येते, तेव्हा ती वही कोणी उघडून पाहत नाही. किल्ली फिरते, इंजिन पहिल्या दमात सुरू होते, आणि आजाऱ्याला घेऊन जीप चिखलाच्या वाटेने निघते.