वृंदावन आणि योजना

लखनौस बदली झाल्यावर मी साताऱ्याला आईस नवा पत्ता कळविला. ‘वृंदावन योजना, रायबरेली रोड’ हे शब्द ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा नव्हता की बाजाराचाही नव्हता. “म्हणजे दारात वृंदावन आहे ना रे?” असे तिने विचारले.

उत्तरेकडील माणसाला वृंदावन म्हटले की मथुरेजवळचे गाव आठवते. आपल्यापुढे मात्र उभे राहते ते अंगणातले, कोनाड्यात पणती तेवत असलेले तुळशीचे वृंदावन. मी हसून म्हटले, “वृंदावन नाही, पण योजना आहे!”

आणि ते खरेच होते. उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने आखलेली ही वसाहत. क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर, सरळ रस्ते, उंच इमारती. फेब्रुवारी २०२० मध्ये येथेच संरक्षण सामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले होते. वृंदावनात रणगाडे! सरकारी माणसाला मात्र यात विसंगती वाटत नाही. त्याचे सारे आयुष्यच योजनेत जाते. मुलांच्या शाळा, पुढची बदली, निवृत्तीनंतरचे घर, सर्वांची तो योजना आखतो. आणि त्यातील एखादी वीट ढळली की रात्रभर छताकडे पाहत राहतो.

माझी वीट ढळली ती एका चौकशीमुळे. पूर्वीच्या एका कार्यालयात असताना एका देयकावर मी केलेल्या सहीबद्दल खुलासा मागविणारे पत्र आले. त्या दिवसापासून झोप गेली. डिसेंबरचे दाट धुके खिडकीशी येऊन उभे राही आणि मी मनातल्या मनात खुलाशाचे मसुदे करीत असे. देवापुढे बसलो तरी ओठांवर नाम आणि डोक्यात जावक क्रमांक! दिसावयास सुंदर व चवीस कडू अशा एका फळालाही मराठीत वृंदावनच म्हणतात, याची मला त्या दिवसांत वारंवार आठवण होई.

अशा वेळी मी न्यायमूर्ती रानड्यांचा आधार शोधीत असे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला रानड्यांचाही संशय आला. तडकाफडकी त्यांना धुळ्यास पाठविण्यात आले. तेथे त्यांचे टपालही फोडून पाहिले जाई. तरीही हा पुरुष आपले काम नेमाने करीत राहिला. पहाटे उठून ते अभंग म्हणत, हे रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाला याहून जवळचे उदाहरण कोणते? परंतु मी पहाटे अभंग म्हणू लागलो तरी शांती येईना. रानड्यांचे मन निर्मळ होते आणि माझे तसे नव्हते, हे कबूल करण्यास मला आणखी काही दिवस लागले.

आमच्या वसाहतीपासून संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय जवळच आहे. शेजाऱ्यांचा एक आप्त तेथे होता. एका सकाळी मी त्याच्यासाठी चहा घेऊन गेलो. बाहेर दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले नातेवाईक उशाला गाठोडी घेऊन पडले होते. त्यांत एक वृद्ध इतका गाढ झोपला होता की, मला त्याचा हेवा वाटला. तो उठल्यावर मी त्याला थोडा चहा दिला. त्याचा मुलगा आत अत्यवस्थ होता. “बाबा, तुम्हाला झोप कशी लागते?” मी माझ्या मोडक्या हिंदीत विचारले. तो सहज म्हणाला, “दिन की पारी हमारी है, भइया, रात की पारी राम जी की।” एवढे बोलून तो औषधाच्या दुकानापुढील रांगेत जाऊन उभाही राहिला.

परतताना मी त्याच्याच शब्दांचा विचार करीत होतो. आपण अधिकारी याला कार्यभार सोपविणे म्हणतो. कार्यभार देणे ही काही पळवाट नव्हे. शिल्लक कामांची यादी द्यावी लागते, तिजोरीतील रक्कम मोजून दाखवावी लागते. काही दडवून कार्यभार देता येत नाही. त्या वृद्धाने दिवसभर धावपळ करून आपली पाळी पुरी केली होती, म्हणूनच रात्री तो ती रामाच्या हाती देऊ शकत होता. मी मात्र देवाला केवळ कपाटाची किल्ली देऊ पाहत होतो; एक कागद खिशातच ठेवून.

तो कागद असा: सोबतची कागदपत्रे न वाचताच मी सही केली होती. लबाडी नव्हती, घाई होती. परंतु माझ्या साऱ्या मसुद्यांत हेच एक वाक्य नव्हते. त्या रात्री मी सारे मसुदे फाडले आणि ते वाक्य पहिल्याच ओळीत लिहिले. मग देवापुढे बसलो. मागितले काहीच नाही; “आता तुझी पाळी” एवढेच म्हटले. किती महिन्यांनी कोण जाणे, त्या रात्री मला पहाटेपर्यंत झोप लागली.

चौकशीचा निकाल माझ्या बाजूने लागला असे सांगता आले असते तर ही कथा अधिक गोड झाली असती. मला लेखी ताकीद मिळाली. ती योग्यच होती आणि ती वाचूनही मी झोपलो. ईश्वरावरील विश्वास म्हणजे आपल्या मनासारखे घडेल ही खात्री, असा माझा समज होता. जे घडेल ते सोसताना आपण एकटे नसू, एवढाच त्याचा अर्थ असावा, असे आता वाटते.

गेल्या कार्तिकात आई येथे आली. येताना डब्यात ओली माती घालून तिने तुळशीचे रोप आणले होते. गॅलरीतल्या कुंडीत ते लावून तिने पणती ठेवली आणि समाधानाने म्हणाली, “झाले हो तुझे वृंदावन!”

योजना अजूनही आहेत. त्या आखल्यावाचून आपल्याला सुटका नाही. फक्त दिवेलागणीला मी त्या कुंडीपाशी क्षणभर थांबतो, दिवसाचा हिशेब खरा आहे की नाही ते पाहतो, आणि कार्यभार सोपवून आत येतो.