तीन कोटेशनं आणि एक कांदा

बी.कॉम. झालेल्या माणसाकडे लोक दोनच कामं घेऊन येतात : सोसायटीचे हिशेब आणि स्वतःच्या खरेदीबद्दल सल्ला. मी मुलुंडला राहतो, बँकेत कारकून आहे. तेव्हा दुसऱ्या कामातून माझी सुटका नव्हतीच.

आमचे साडू एका कॉलेजात स्टोअर सांभाळतात. (कुठल्या, ते विचारू नका. त्यांची नोकरी आहे आणि माझी सासुरवाडी.) एका मार्चमध्ये ते रात्री फाईल घेऊन आले. प्रयोगशाळेसाठी २० मायक्रोस्कोप घ्यायचे होते, ३१ तारखेला अनुदान परत जाणार होतं आणि तीन कोटेशनं आली होती.

"तुम्ही बँकेतले. एकदा नजर घाला."

मी नजर घातली. तुलनात्मक तक्ता आखला, लाल शाईनं बेरजा तपासल्या आणि सर्वांत कमी दरावर बरोबरची खूण केली. नगामागे ४०० रुपये वाचले, म्हणजे एकूण ८,०००! साडू पोहे खाऊन गेले आणि मी सरकारी तिजोरीवर उपकार केल्याच्या समाधानात झोपलो.

जुलैत त्यांची धाकटी घरी आली. ती त्याच कॉलेजात शिकते. सौ. कांदा चिरत होती. पोरीनं सालीचा पापुद्रा उजेडात धरला आणि म्हणाली, "काका, यात पेशी असतात म्हणे. आमच्या नव्या मायक्रोस्कोपात नुसतं धुकं दिसतं. मग मी पुस्तकात बघून काढल्या. १० पैकी ९ मिळाले!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते कांद्यानं आलं, असं मी जाहीर केलं.

"आणायच्या आधी त्यातून कुणी बघितलं होतं का?" सौ.नं विचारलं. माझ्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. ही बाई नारळ कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही आणि गाळणीसुद्धा दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरते. तिनं कॉमर्स केलेलं नाही, हे एक बरं.

मग मी थोडं वाचलं. नियम काही वाईट नाहीत हो! महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ मध्ये खरेदी समिती आहे. सरकारी खरेदीचं 'जेम' पोर्टल त्याच साली सुरू झालं. निविदेत तांत्रिक लिफाफा आधी आणि दराचा नंतर उघडायचा, अशीही पद्धत आहे. म्हणजे आधी मुलगा बघायचा, मग हॉलचं भाडं विचारायचं. आपण मात्र हॉल स्वस्त मिळाला म्हणून लग्न उरकतो.

आणि घाई! २०१७ साली मुंबई विद्यापीठानं सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. कल्पना चांगली होती. पण परीक्षा सुरू झाल्या तरी कंत्राट ठरतच होतं. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या घरात. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. पण ज्यांचे पुढचे प्रवेश अडकले, त्या मुलांचे दिवस कुठल्या खात्यात जमा करायचे? आमच्या बँकेत तरी तसं खातं नाही.

यंदा साडू पुन्हा फाईल घेऊन आले, पण जानेवारीतच. मी तक्ता आखला आणि दराच्या आधी एक रकाना वाढवला : 'कांदा'. प्रत्येकाकडून एकेक नमुना मागवायचा, शिकवणाऱ्या बाईंनी आणि एका विद्यार्थिनीनं त्यातून कांद्याची साल बघायची. पेशी दिसल्या तरच दर वाचायचा.

साडू घाबरले. "ऑडिटवाले विचारतील, कांदा कशाला?"

"सांगा, एकच आणला," मी म्हणालो, "त्याला तीन कोटेशनं लागत नाहीत."