द्विवचन

मराठीत वचने दोनच, हे वाक्य मी गेली वीस वर्षे वर्गात उच्चारत आले आहे. संस्कृतात द्विवचन होते, प्राकृतांनी ते सोडले, म्हणून मराठीपर्यंत ते पोचलेच नाही. ‘भाषेला त्याची गरज उरली नाही’ असेही मी पुढे सहज जोडत असे.

२०१७च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीबरोबर सोनोग्राफीला गेले. तिला तेरावा आठवडा होता. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली आम्ही नंबर येण्याची वाट पाहिली. आत डॉक्टरबाई बराच वेळ गप्प होत्या. ‘‘जुळं आहे का?’’ बहिणीने हसत विचारले. त्यांनी तिला कुशीवर वळायला सांगितले, थोडे चालून यायला सांगितले, पुन्हा पाहिले. दोन डोकी होती, दोन कणे होते. हालचाल होत होती, पण दोघांमधले अंतर बदलत नव्हते. जुळ्यांच्या मध्ये एरवी दिसणारा पातळ पडदा नव्हता. छातीपाशी एकाची त्वचा कुठे संपते, ते दाखवता येत नव्हते.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले. फलित बीजाचे विभाजन साधारण तेराव्या दिवसानंतर सुरू झाले, तर ते अपुरे राहते, असे मानले जाते. यकृत जोडलेले असते, तर जन्मानंतर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. येथे हृदयच एक होते.

ज्यांच्यामुळे ‘सयामी जुळे’ हा शब्द रूढ झाला, ते चँग आणि एंग १८११ साली जन्मले आणि बासष्ट वर्षे जगले. त्यांची यकृते जोडलेली आहेत, हे १८७४ साली मृत्यूनंतरच्या विच्छेदनात दिसले. माझ्या बहिणीला सारे चौदाव्या आठवड्यातच कळले. जाणण्याचा क्षण इतका अलीकडे आला, आणि त्याबरोबर निर्णयही.

परतताना तिने अहवाल माझ्या हाती दिला. ‘‘ताई, मराठीत सांग.’’ मी सुरुवात केली, ‘‘त्याचं हृदय...’’ आणि थांबले. ‘‘त्यांचं’’ म्हणाले, तेही अर्धवट राहिले. लिंग कायद्याने झाकलेले होते. ‘बाळ’ या नपुंसकलिंगी शब्दाचा आडोसा तरी होता. वचनाला आडोसा नव्हता.

गर्भपाताचा निर्णय तिने आणि तिच्या नवऱ्याने घेतला. मी फक्त बाहेरच्या बाकावर बसून होते.

तिला नंतर मुलगी झाली. मागच्या वर्षी एका समारंभात कुणी विचारले, ‘‘ही पहिलीच का?’’ बहीण शांतपणे म्हणाली, ‘‘नाही. हिच्याआधी दोघं होती.’’

दोघं. वस्तू ‘दोन’ असतात. ‘दोघं’ फक्त माणसे असतात. व्याकरण शिकवणाऱ्या मला त्या दिवशी गाडीत जो शब्द सापडला नव्हता, तो तिच्यापाशी होता.

वर्गात मी अजूनही वचने दोनच सांगते. पुढचे वाक्य मात्र आता जोडत नाही.