चानकी

भाकऱ्या थापून झाल्या की काटवटीच्या कडेला थोडं पीठ चिकटून राहतं. ते पाण्याच्या हातानं गोळा करून तळहाताएवढी जी शेवटची भाकरी टाकतात, ती चानकी. घरात रांगतं पोर असलं तर ती पोराची, नाहीतर दारातल्या कुत्र्याची. आमच्या माणदेशात कुत्र्यासाठी वेगळं शिजवायची रीत नव्हती. पण चानकी त्याची, हे ठरलेलं. घरातलं दुसरं कुणी तिला हात लावत नसे. आज्जी म्हणायची, "दारचं कुत्रं बघावं, घरातली चूल कळती."

१९७२ साली ही रीत मोडायची वेळ आली. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिलेलीच होती. त्या वर्षी रानात पेरलेलं वर आलंच नाही. रेशनवर लाल मिलो मिळायचा. परदेशातनं आलेली ती ज्वारी. तिची भाकरी तांबडी व्हायची, थापताना कडेनं चिरायची आणि गार झाली की चामड्यासारखी लागायची. आई आणि आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. बैल चाऱ्यावाचून विकले होते, म्हैस मामांच्या गावाला नदीकाठी धाडली होती. दारात एक शेळी तेवढी राहिली होती. भाकऱ्या मोजून व्हायच्या. काटवट पुसून घेऊन आज्जी ते पीठही शेवटच्या भाकरीत मिळवून टाकायची. म्हणजे चानकी बंद झाली होती. आमचं जुनं कुत्रं त्याच्या आदल्या वर्षीच गेलं होतं, म्हणून कुणाला ते टोचलं नाही.

अशात एक दिवस धनगर आले. दरवर्षी आमच्या रानात त्यांची मेंढरं बसायची. त्या साली ते चाऱ्याच्या शोधात लवकरच घाटाकडं निघाले होते. त्यांची कुत्री वाटेत मेली होती आणि तिची पिल्लं घोंगड्यात गुंडाळून घोड्यावर घातली होती. त्यातलं एक तांबूस पिल्लू म्हाताऱ्या धनगरानं आज्जीच्या ओट्यात टाकलं. "म्हातारे, डोळं उघडून पंधरा दिस झालं ह्येचं. आमच्या चालीत न्हाई टिकायचं. तू जगीव."

कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे जन्मल्यावर दोनेक आठवड्यांनी उघडतात. म्हणजे पिल्लू महिन्याचं होतं. आईचं दूध हळूहळू तोडायला सुरुवात व्हायची ती वेळ, आणि ह्याचं दूध एकदमच तुटलेलं.

संध्याकाळी आबा कामावरनं आले आणि पिल्लू बघून दारातच थांबले. "आये, हितं पोरांच्या तोंडात घालायला न्हाई. ह्येला कुठनं घालायचं? माळाला ढोरं मरून पडल्याती, तिकडं सोड. जगायचं आसंल तर जगंल."

आबा दुष्ट नव्हते. दिवसभर घण मारून आलेला माणूस होता तो. आज्जीनं आवाज चढवला नाही. "मढ्याची चटक लागलेलं कुत्रं पुन्ना दारात बसत न्हाई, बाबा. आज मेलेलं खाईल, उद्या शेळीवर जाईल. माझ्या वाटणीतलं घालीन मी. तुमच्या ताटाला हात लावायची न्हाई."

आज्जीची वाटणी म्हणजे दिवसाला दीड भाकरी.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. शाळा सुटल्यावर पिल्लाची राखण माझ्याकडं आली, म्हणून आज्जी त्याला काय आणि कसं घालत होती ते मी जवळून बघितलं. आमच्यासाठी शेळीचं दूध चहापुरतं निघायचं. त्यातलं पळीभर ती पिल्लाला द्यायची, पण नुसतं कधीच नाही. मिलोच्या कण्या मऊ शिजवायच्या, बोटानं चेंगरून बघायच्या आणि त्यावर ते दूध. "नुसत्या दुधानं पोट सुटतं, आन् पिल्लाचं पोट सुटलं की पिल्लू सुटलं," हे तिचं गणित. पुढं कधीतरी वाचलं की कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, साखर मात्र कमी असते. म्हणून गाईम्हशीचं दूध वाटीभर पाजलं की पिल्लाला हगवण लागते आणि अंगही धरत नाही. आज्जीला ही टक्केवारी ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिनं पिल्लं मेलेली बघितली होती.

दूध कमी पडायला लागल्यावर तिनं हुलगे काढले. मडक्यात बियाण्याला ठेवलेले शेर-दीड शेर हुलगे होते. पाऊसच नाही तर बियाणं कशाला, असं म्हणून तिनं ते भाजून दळले आणि त्याचं माडगं केलं. आमच्या माडग्यात गूळ-मीठ पडायचं. त्याच्या आधी पिल्लाचा वाटा काढलेला असायचा. हुलगा म्हणजे जनावराला ताकद, हे बैलांवरनं सगळ्यांना माहीत होतंच. आठ दिवसांत पिल्लाचे पाय थरथरायचे थांबले.

दिवसातनं चार वेळा घालायचं आणि प्रत्येक वेळी थोडं, हा दुसरा नियम. एवढंसं पोट, त्यात एकदम ओतलं तर राहत नाही आणि रिकामं ठेवलं तर पिल्लू गार पडतं. किती घालायचं याला तिच्याकडं माप नव्हतं, हात होता. खाऊन झाल्यावर ती त्याच्या बरगडीवरनं बोटं फिरवायची. "हाडं हाताला लागावी, डोळ्याला दिसू नये." दिसायला लागली तर पुढच्या वेळी घास वाढवायचा, हाताला लागेनाशी झाली तर कमी करायचा. आजचे जनावरांचे डॉक्टरही कुत्रं जाड की बारीक हे असंच बरगड्या चाचपून ठरवतात.

एकदा मात्र ह्या हिशेबात बसेना असं झालं. बरगड्या दिसत होत्या आणि पोट नगाऱ्यासारखं. मी म्हटलं, "आज्जी, जास्त झालं वाटतं." ती म्हणाली, "खाणारा दुसराच हाय आत." तालुक्याला बाजारासाठी गेलेल्या शेजाऱ्याकडून तिनं जनावरांच्या दवाखान्यातलं जंताचं औषध मागवलं. दोन दिवसांनी पिल्लू हलकं झालं. पिल्लांना जंत बहुतेक वेळा आईकडूनच येतात, अगदी पोटात असल्यापासून. म्हणून हल्ली दोन आठवड्यांच्या वयापासनं औषध सुरू करतात आणि ते पुन्हा पुन्हा देतात. त्या साली आमच्या घरात माणसाला औषध आणायचं तरी दहादा विचार व्हायचा. पण आज्जी म्हणाली, "माझ्या वाटणीचं खातंय, किड्यांना कशाला घालू?"

पिल्लाचं नाव खंड्या ठेवलं. खंडोबाचं कुत्रं म्हणून. घास द्यायच्या आधी नाव घ्यायचं, त्यानं मान वर केली की मगच ताटली खाली ठेवायची. पंधरा दिवसांत खंड्या अर्ध्या रानातनं हाकेला यायला लागला. शिकवायला वेगळा खाऊ नव्हता, रोजचा घासच खाऊ होता.

खाऊ आला तो आबांच्या हातनं. दुष्काळी कामावर मजुरांना सुकडी मिळायची, गोडसर भरड. आई-आबा ती तिथं न खाता फडक्यात बांधून आमच्यासाठी आणायची. आम्ही दोघं भावंडं वाटेला डोळे लावून बसायचो. खंड्याही बसायला लागला. एके दिवशी आबांनी फडकं सोडलं, आमच्या दोघांच्या हातावर सुकडी घातली आणि बोटांना चिकटलेली उरली ती, कुणाचं लक्ष नाही असं बघून, खंड्यापुढं धरली. त्यानं बोटं चाटून लख्ख केली. आज्जी चुलीपाशी होती. तिनं बघितलं, पण काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आबांनी चिमूटभर घातली, तिसऱ्या दिवशी मूठभर. तेव्हा मात्र ती बोलली, "चिमूट ऱ्हाऊ दे. मूठ पोरांची." गोडाची चटक लागली की कुत्रं कण्या हुंगून बाजूला होतं, आणि कण्या सोडल्यावर घालायला घरात दुसरं होतं काय?

चिमूट हे माप मला आजही बरोबर वाटतं. दिवसभराच्या खाण्यात वरचा खाऊ दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असं आता सांगतात. दहा घासांत एक. चिमटीत मावतं तेवढंच होतं ते.

काही गोष्टींना आज्जीची साफ मनाई होती. कांद्याचं काहीही नाही. चंपाषष्ठीला आमच्याकडं खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो आणि त्या दिवशी कुत्र्याला घास देतात. तेव्हासुद्धा ती खंड्याला कोरी भाकरी द्यायची, पातीचं भरीत नाही. "कांद्यानं नाक मरतं, मग राखण कशी करंल?" हे तिचं कारण. कारण खरं नसावं, पण नियम खरा निघाला. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवले तरी. दुसरी मनाई शिजलेल्या हाडांची. कोंबडीचं शिजलेलं हाड सुईसारखं उभं फुटतं आणि नरड्यात नाहीतर आतड्यात रुततं. जत्रेला मटण झालं तरी खंड्याला रस्सा नाही, हाड नाही, तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेला एखादा मऊ तुकडा.

पुढल्या साली पाऊस झाला. मिलो गेला, घरची ज्वारी आली आणि काटवटीला पुन्हा पीठ उरायला लागलं. आज्जीनं पहिल्या दिवशी चानकी टाकली तेव्हा खंड्या चानकीच्या मापाचा राहिला नव्हता. त्याला अख्खी भाकरी लागायची. ती आबा आपल्या हातानं ताकात कुस्करून घालायचे आणि घालताना, "खा, म्हातारीची वाटणी," असं म्हणायचे. खंड्या बारा वर्षं जगला. आज्जी त्याच्या तीन वर्षं आधी गेली. त्या दुष्काळात ती जी वाळली ती पुन्हा भरली नाही, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आबांनी ते एकदाच बोलून दाखवलं, तेही खंड्याच्या पाठीवरनं हात फिरवता फिरवता.

आता माझी धाकटी बहीण तासगावकडं नांदते. त्यांची द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात आणि पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. शेडखाली मण्यांचा सडा असतो. गेल्या वर्षी तिच्या नातवानं पिल्लू आणलं आणि लाडानं त्याला बेदाणे चारायला लागला. घरचंच, गोड, पौष्टिक, माणसाला चांगलं ते कुत्र्यालाही चांगलंच असणार. बहिणीनं सहज फोनवर सांगितलं आणि मी तिला आधी पिल्लाला शेडपासनं लांब बांधायला लावलं, मग पुढचं बोललो. द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक. किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. एखादं पचवतं, एखादं थोडक्यात जातं. काही तासांत उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडते. खाल्लेलं कळल्याबरोबर डॉक्टरकडं न्यावं, उलटीची वाट बघत बसू नये. त्यांच्या डॉक्टरांनी पिल्लू तपासलं, सलाईन लावलं, रक्त तपासून घेतलं. ते वाचलं. आता शेडच्या दाराला गुडघाभर जाळी आहे आणि नातवाच्या खिशात बेदाण्याऐवजी गाजराचे तुकडे असतात.

माझी मुलगी पुण्यात असते. तिनंही यंदा पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं. घरात पिशव्याच पिशव्या: ह्या वयाचं खाणं, त्या वयाचं खाणं, दातांची काडी, शिकवायच्या गोळ्या. पिल्लांसाठीचं तयार खाणं असेल तर आणखी कॅल्शियम घालू नको, मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं त्यानं बिघडतात, एवढं तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. चॉकलेट वर ठेव आणि बिनसाखरेचं च्युइंगगमही, हे मी सांगितलं. त्यातलं झायलिटॉल कुत्र्याला विषच. उकडलेल्या अंड्याचा तुकडा, उकडलेलं बिनमिठाचं चिकन, भोपळा, बी काढलेलं सफरचंद हे खाऊ म्हणून चालतं, पण नखाएवढं.

"पण पप्पा, एका वेळी नेमकं घालायचं किती? पाकिटावर एक लिहिलंय, डॉक्टर दुसरं सांगतात, आणि हा तर मागतच राहतो."

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतात तिथनं सुरुवात कर आणि रोज त्याच्या बरगडीवर हात ठेव. हाडं हाताला लागली पाहिजेत, डोळ्याला दिसता कामा नयेत."

फोन चालू ठेवूनच तिनं हात ठेवला. "लागतात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दिसत नाहीत."

"मग झालं तर," मी म्हटलं.