पोलादातील कण

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटालगत अमेरिकी हवाई दलाचे 'ऑस्प्रे' समुद्रात कोसळले आणि आतील आठही जण प्राणांस मुकले. ना युद्ध होते, ना शत्रू. इवाकुनीहून ओकिनावातील काडेना तळाकडे चाललेले ते सरावाचे उड्डाण होते. ऑस्प्रे हेलिकॉप्टरसारखे सरळ वर उठते आणि आकाशात पंखे पुढे कलवून विमानासारखे धावते. त्या पंख्यांच्या डाव्या गिअरबॉक्समधील एका वेगवान लहान चक्राला तडा गेला, दात्यांची सारी साखळी विस्कटली आणि धावपट्टी समोर असताना यंत्र उलटले.

माझे आयुष्य गिअर कापण्यात गेले. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याविषयी मिळेल ते मी वाचून काढले. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबक असतो. चक्रे झिजली की लोखंडाचा कीस त्याला चिकटतो. बारीक कीस असेल तर यंत्रणा तो जाळून टाकते आणि वैमानिकाला सूचना देते. त्या दुपारी अशा पाच सूचना आल्या. सहाव्या वेळी कीस जळेना. अहवालाने दोन कारणे नोंदविली: गिअरबॉक्सचा बिघाड आणि उड्डाण चालू ठेवण्याचा वैमानिकाचा निर्णय.

पहिल्या कारणाविषयी माझी तक्रार नाही. दुसरे खोटे आहे, असेही म्हणवत नाही. तिसऱ्या सूचनेनंतर सोयीचे होताच उतरावे, असा नियम होता. पण 'सोयीचे होताच' आणि 'तत्काळ' यांत केवढे अंतर आहे! ते अंतर मोजण्याचे काम खाली समुद्र असताना एका माणसावर सोपविले गेले होते आणि मोजायला जे माप लागते ते त्याच्या हाती दिलेलेच नव्हते.

ते माप कोठे होते? पोलाद वितळविताना त्यात धातूखेरीज इतर द्रव्याचा सूक्ष्म कण अडकून राहतो. वरून चक्र आरशासारखे चकाकते, मायक्रोमीटरला कसर सापडत नाही. मात्र भार पडू लागला की तडा तेथूनच सुरू होतो. आमच्याकडे जुने कारागीर अशा मालाला 'पोटात दुखणं असलेला' म्हणत. ऑस्प्रेच्या चक्रांतील हा दोष २००६ पासून ठाऊक होता, असे अमेरिकी नौदलाच्या डिसेंबर २०२५ मधील आढाव्यात आले. त्या धोक्याचे रीतसर मूल्यमापन मात्र मार्च २०२४ मध्ये झाले. अठरा वर्षे! तोवर आठांचे प्राण गेले होते.

अपघातानंतर सारी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यू मेक्सिकोत आणखी एकाच्या गिअरबॉक्सने दगा दिला. सुदैवाने ते उतरले. उतरण्याच्या जागेपासून तीस मिनिटांपलीकडे जाऊ नये, असे बंधनही घातले गेले. आता दोनदा नव्हे, तीनदा वितळविलेल्या पोलादाची चक्रे बसविली जात आहेत.

तीनदा वितळविणे महाग पडते, हे मला ठाऊक आहे. कारखान्यात असा प्रश्न निघाला की हिशेबाची वही उघडली जाई आणि बहुधा प्रश्न तेथेच मिटे. परंतु वैमानिकाचे नाव कारणांच्या यादीत लिहिता येते, तर त्या अठरा वर्षांत ज्यांच्या टेबलावरून ही माहिती गेली, त्यांचा रकाना कोरा का? मेलेला माणूस उत्तर देत नाही. टेबलामागच्यांना अजून विचारता येईल.