राणीचा दुसरा भाग

बोरिवलीच्या आमच्या घरात नात गेले चार दिवस कुणाशी बोलत नाही. तिच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात हद्दपार झालेली राणी गादी परत घ्यायला निघाली आहे. हा दुसरा भाग. राणीचं वय सतरा.

"अगं, आपल्या ताराबाईंचा दुसरा भाग वाच!" मी म्हणालो. १७०० साली राजाराम महाराज गेले. पंचविशीतल्या ताराबाईंनी पुढं सात वर्षं औरंगजेबाला झुंजवलं. हा झाला पहिला भाग. १७१४मध्ये सवतीनं, राजसबाईनं, त्यांना मुलासकट पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. कुठलाही लेखक इथं पुस्तक मिटवील. पण १७४९मध्ये शाहू महाराज वारले आणि ताराबाईंनी पुढं केलेला त्यांचा नातू रामराजा गादीवर आला. तो पेशव्यांविरुद्ध जाईना, तेव्हा १७५०मध्ये त्याला सातारच्या किल्ल्यावर डांबलं, आणि वर 'हा माझा नातूच नव्हे' म्हणून बाई मोकळ्या!

"तेव्हा वय काय त्यांचं?"

"पंचाहत्तर."

"पंचाहत्तरची हिरॉइन?" नात खो खो हसली.

आमची सौ. कोपऱ्यात शेंगा सोलत होती. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून स्वयंपाकघर सूनबाईंकडे आहे. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच फोडणीचा वास आला. ओट्याशी सौ. उभी, मिसळणाचा डबा ताब्यात.

"आई, अहो, बसा ना तुम्ही!"

"तू तुझी लोकल गाठ."

मी निमूट पोहे खाल्ले. मीठ जरा जास्त होतं, पण बोललो नाही. आमच्याकडे किल्ला नाही, तरी गॅलरीला बाहेरून... म्हणजे आतून, कडी आहे.