सोलनच्या थंडीतील टिकटिक

वाचकहो, ऐन हिवाळ्यात कालक्याहून सिमल्याकडे जाण्याचा योग आपणांस आला, तर घाई करू नका. १९०३ साली सुरू झालेली चिमुकली आगगाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ९६ किलोमीटरांची ही वाट आजही चढते. २००८ साली तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. बडोगचा किलोमीटरहून लांब बोगदा ओलांडला की थोड्याच वेळात सोलन येते. उंची सुमारे दीड हजार मीटर. सभोवती चिलाची झाडे, उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे, आणि पहाटे छपरांवर पिठासारखे पसरलेले दहिवर. बहुतेक प्रवासी येथे चहापुरते थांबतात. आम्हांला मात्र तीन दिवस थांबावे लागले, आणि त्या थांबण्याबद्दल मी आजही सोलनचा ऋणी आहे.

चंदीगडला स्थायिक झालेले माझे एक स्नेही आपल्या वडिलांनी जतन केलेली एमजीबी ही दोन आसनांची जुनी स्पोर्ट्‌स कार घेऊन निघाले होते. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात ह्या मोटारी तयार होत. थंडी सुरू झाल्यापासून हिच्या इंजिनातून सकाळी टिकटिक ऐकू येई. इंजिन तापले की ती विरे, चढावर मात्र पुसटशी पुन्हा उमटे. खालच्या एका कारखानदाराने इंजिन संपूर्ण उघडण्याचा सल्ला दिला होता. तो खर्च झेपणारा नव्हता. सिमल्याची ही फेरी करावी आणि गाडी विकून टाकावी, असे स्नेह्यांनी मनाशी ठरविले होते. बोलून दाखवीत नसले, तरी हात पुनःपुन्हा सुकाणूवरून फिरत होता.

सोलनला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी सुरू करताच ती टिकटिक साऱ्या गल्लीत घुमली. शेजारच्या गाळ्यातून एक वृद्ध मिस्त्री शाल सावरीत बाहेर आले. त्यांचे सारे आयुष्य अ‍ॅम्बॅसडर मोटारी दुरुस्त करण्यात गेले होते. आपणांस नवल वाटेल. पण जुन्या अ‍ॅम्बॅसडरचे १,४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आणि ह्या स्पोर्ट्‌स कारचे १,७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. मिस्त्रींना ती बोली अनोळखी नव्हती.

"साहेब, आता बंद करा. पूर्ण गार झाल्यावर पाहू," ते म्हणाले.

त्यांची रीत सांगण्याजोगी आहे. प्रथम त्यांनी तेल पाहिले. थंडीत तेल घट्ट होते आणि माथ्यावरच्या रॉकरपर्यंत पोहोचण्यास वेळ घेते. तोवर वरचे भाग कोरडे खडखडतात. पण तेल योग्य जातीचे होते, आणि इंजिन सुरू करताच दाबाचा काटाही नेटका चढला. मग इंजिन थांबवून झाकण काढले व पातळ पोलादी पट्टीने व्हाल्व्हची फट मोजली: इंचाचे पंधरा सहस्रांश, हवी तेवढीच. म्हणजे टॅपेटही निर्दोष. मग पुन्हा इंजिन चालवून एकेका प्लगची तार क्षणभर काढून पाहिली. बेअरिंग झिजले असेल तर ठोका जड व खोल असतो, इंजिन तापून तेल पातळ झाल्यावर तो वाढतो, आणि त्या सिलिंडरचा प्लग तोडताच बदलतो. येथे ठोका हलका होता, आणि गरम झाल्यावर कमी होत होता. "पोट ठीक आहे," मिस्त्री म्हणाले, आणि स्नेह्यांनी निःश्वास सोडला.

शेवटी त्यांनी रबराच्या नळीचे एक टोक कानाशी धरले आणि दुसरे इंजिनाच्या कडेने हळूहळू फिरविले. मधल्या धूर-वाटेपाशी ते थबकले. तेथे गास्केटवर काजळीची काळी रेघ उमटली होती. ह्या इंजिनात हवा आत नेणारी नळी व धूर बाहेर नेणारी नळी एकाच बाजूस असून, शेजारशेजारच्या दोन कडा एकाच जाड वॉशरखाली दाबलेल्या असतात. कोणीतरी पूर्वी भलताच वॉशर बसविला होता. धातू गार असता फट राही व धूर टिकटिक करीत निसटे. तापून प्रसरण पावला की फट बरीचशी मिटे.

मग मिस्त्रींनी अनपेक्षित प्रश्न केला: "काल डोकं दुखलं का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. काचा व टप बंद करून, हीटर लावून आम्ही घाट चढलो होतो. दोघांचीही डोकी जड झाली होती, मला मळमळत होते. वळणांचा दोष म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला होता. वस्तुतः इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू पडद्याच्या भोकांतून आत येत होता. त्याला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट बिलगतो. झोप येते, आणि ती शेवटचीही ठरू शकते. ज्या आवाजाचा आम्हांला वैताग आला होता, तोच आम्हांला सावध करीत होता!

चंदीगडहून गास्केट येईपर्यंत आम्ही शूलिनी देवीचे दर्शन घेतले आणि अळिंबीच्या संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पायी हिंडलो. तिसऱ्या दिवशी पहाटे, दहिवर तसेच असताना, इंजिन सुरू झाले. टिकटिक नव्हती. मिस्त्रींनी अगदी माफक मजुरी घेतली. गाडी विकण्याचा विषय स्नेह्यांनी पुन्हा काढला नाही.

वाचकहो, आपले वाहन जुने असो वा नवे, थंडीत त्याचा पहिला आवाज लक्ष देऊन ऐका. बंद खोलीत इंजिन चालवू नका. आणि डोंगर चढताना डोके जड झाले, तर आधी गाडी थांबवून मोकळ्या हवेत या. घाटाला दोष मागाहून देता येईल.